विंडो आवरायची कशी: टीकेइंटरमध्ये पहिला डेस्कटॉप प्रोग्रॅम करणाऱ्यांसाठी

पायथन शिकून चार-सहा महिने झाले की ओळखीतलं कुणीतरी काम सांगतंच. नागपुरात ते बहुतेक दुकानाचं, गोदामाचं, नाहीतर कळमना बाजारातल्या अडतीचं असतं. शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन आणि दर टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी छापून निघावी, एवढीच मागणी. हिशेबाचा भाग दोन संध्याकाळींत होतो. मग प्रोग्रॅम काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसतो आणि फोन सुरू होतात. "भाऊ, खालचं बटणच दिसून नाही राहिलं." "भाऊ, ते छोटं डबडं मागे गेलं, आता काहीच दाबल्या जात नाही."

हिशेब बरोबर असतो, घोळ विंडोचा असतो. ही विंडो आपण टीकेइंटर, म्हणजे पायथनमध्ये विंडो आणि बटणं करायची लायब्ररी, वापरून बनवतो. विंडोची चौकट, टायटल बार, मिनिमाइझ-क्लोजची बटणं तुमच्या प्रोग्रॅमच्या मालकीची नसतात. ती विंडोजच्या किंवा लिनक्सवर विंडो मॅनेजरच्या ताब्यात असतात. तुमचा कोड त्यांच्याकडे अर्ज करतो: एवढा आकार द्या, इथे उघडा, हिला तिच्या वर ठेवा. अर्ज कधी लगेच मंजूर होतो, कधी उशिरा, कधी बदल करून, कधी होतच नाही. पुढच्या निम्म्या अडचणी हे विसरल्यामुळे येतात.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये पहिली तीन-चार अक्षरं टाकली की पूर्ण नाव समोर येतं. दोन शब्दांचं नाव असेल तर मध्ये बहुतेक अंडरस्कोर असतो.

आधी जमवायचं सामान

विंडोजवर पायथनच्या इन्स्टॉलरसोबतच टीकेइंटर येतं, फक्त इन्स्टॉल करताना टीसीएल/टीके आणि आयडलच्या चौकोनातली खूण काढू नका. उबुंटूवर ‘पायथन३-टीके’ हे पॅकेज ॲप्टमधून वेगळं घ्यावं लागतं. बसलं की नाही ते पाहायला टर्मिनलमध्ये पायथनला ‘उणे-एम टीकेइंटर’ देऊन चालवा. आवृत्तीचा आकडा दाखवणारी छोटी विंडो उघडली की झालं.

यापेक्षा महत्त्वाचा आहे एक कागद. ज्या मशीनवर प्रोग्रॅम चालणार तिथे जाऊन त्यावर चार गोष्टी लिहून आणा: स्क्रीनचं रिझोल्यूशन, डिस्प्ले सेटिंगमधलं स्केलिंग किती टक्के, दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडलेला आहे का, आणि विंडोजची आवृत्ती. १३६६ बाय ७६८ चा जुना मॉनिटर सीताबर्डीच्या कॉम्प्युटर दुकानांत वापरलेला मिळतो. हे काम पुढे करत राहणार असाल तर एक घेऊनच ठेवा. स्वतःच्या फुल एचडी लॅपटॉपवर तपासलेली विंडो म्हणजे न तपासलेलीच विंडो.

१. रूट एकच

प्रोग्रॅममध्ये ‘टीके’ हा क्लास एकदाच बोलवायचा. त्यातून बनते ती मुख्य विंडो म्हणजे रूट. दुसरी, तिसरी, चौथी विंडो ‘टॉपलेव्हल’ने करायची.

दोनदा ‘टीके’ बोलवला तरी दोन विंडो दिसतात, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. पण प्रत्येक ‘टीके’मागे एक स्वतंत्र इंटरप्रिटर असतो. मालक सांगितला नाही तर स्ट्रिंगव्हार (बॉक्समधला मजकूर धरणारं व्हेरिएबल) पहिल्याकडे नोंदला जातो आणि दुसऱ्या विंडोतला एंट्री बॉक्स कायम रिकामाच वाचला जातो. चित्र लावायला गेलात तर ‘पायइमेज१ अस्तित्वात नाही’ अशा अर्थाची एरर येते. या दोन्हीपैकी काही दिसलं तर आधी कोडमध्ये ‘टीके’ किती वेळा आलाय ते शोधा.

२. आकार आतल्या मालावरून ठरू द्या

‘जॉमेट्री’ला एक स्ट्रिंग द्यायची असते: रुंदी, मग इंग्रजी छोटं एक्स अक्षर, मग उंची, मग प्लस आणि डावीकडून अंतर, मग प्लस आणि वरून अंतर. गुणाकाराचं चिन्ह किंवा फुली चालत नाही. नुसते प्लसवाले दोन आकडे दिले तर आकार तसाच राहतो, फक्त जागा बदलते. आकड्यात दशांश चिन्ह आलं की ती ‘बॅड जॉमेट्री स्पेसिफायर’ म्हणून एरर देते. भागाकार करताना दुहेरी तिरकी रेघ वापरा.

नवीन माणूस पहिल्याच ओळीत ८०० बाय ७०० टाकून मोकळा होतो. आता काउंटरवरचा हिशेब बघा. स्क्रीन १३६६ बाय ७६८, आणि मालकाला अक्षरं बारीक दिसतात म्हणून स्केलिंग १२५ टक्के. स्केलिंगची जाण नसलेल्या प्रोग्रॅमला विंडोज ही स्क्रीन साधारण १०९३ बाय ६१४ आहे असं सांगतं. त्यातून विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल घेतो, वर टायटल बार. हातात उरतात साडेपाचशेच्या आत. ‘पट्टी छापा’ हे बटण सहाशेव्या पिक्सेलवर असेल तर ते टास्कबारच्या खाली गेलं. पहिला फोन हाच होता.

म्हणून सुरुवातीला जॉमेट्री देऊच नका. आतली लेबलं, बॉक्स, बटणं मांडली की विंडो आपोआप त्यांच्या मापाची होते. मग ‘अपडेट आयडलटास्क्स’ बोलवा, ‘विनफो रेक्विड्थ’ आणि ‘विनफो रेकहाइट’ने लागणारी मापं घ्या आणि तीच ‘मिनसाइझ’ला द्या. आता विंडो ओढून मोठी करता येईल, पण बटण लपेल इतकी लहान करता येणार नाही. आणि ही मापंच साडेपाचशेच्या वर जात असतील तर कोडने सुटणारा प्रश्न नाही, फॉर्मची मांडणी आडवी करा.

इथे एक लपलेला सापळा आहे. जॉमेट्रीने आकार एकदा सांगितला, किंवा वापरणाऱ्याने कोपरा ओढून बदलला, की विंडो आतल्या मालाप्रमाणे वाढायचं थांबवते. नंतर कोडने नवी ओळ जोडली तर ती खाली कापली जाते. विंडोला परत नैसर्गिक मापावर आणायचं असेल तर जॉमेट्रीला रिकामी स्ट्रिंग द्या.

‘रिसाइझेबल’ला दोन्हीकडे खोटं देऊन आकार गोठवायचा मोह आवरा. छोट्या डायलॉगला ठीक आहे. मुख्य विंडोत यादी असते, आणि बहार जोरात असताना ऑपरेटरला चाळीस ओळी एकदम दिसायला हव्या असतात.

३. विंडो वाढली तर आतलं वाढायला हवं

ग्रिड, म्हणजे ओळी-कॉलमांची मांडणी, वापरत असाल तर विंडो मोठी केली की सगळा माल वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होऊन राहतो आणि उजवीकडे-खाली राखाडी जागा उरते. दोन गोष्टी लागतात. ज्या ओळीने व कॉलमने वाढायचं त्यांना ‘रोकॉन्फिगर’ आणि ‘कॉलमकॉन्फिगर’मधून वेट १ द्या. आणि आतल्या विजेटला (बॉक्स, बटण, यादी असा कोणताही घटक) ‘स्टिकी’मध्ये चारही दिशा द्या. एकच दिलं तर भागत नाही. फ्रेमच्या आत फ्रेम असेल तर वेट प्रत्येक पातळीवर द्यावं लागतं. मधली एक फ्रेम विसरली की साखळी तिथेच तुटते.

पट्टीच्या फॉर्ममध्ये वेट फक्त यादीच्या ओळीला द्यायचं. वजन-दराचे बॉक्स ताणून कुणाचं भलं होत नाही.

एकाच फ्रेममध्ये पॅक (मांडणीची दुसरी पद्धत) आणि ग्रिड मिसळू नका. टीके ८.६ (टीकेइंटरच्या खालचं मूळ टूलकिट) स्पष्ट एरर देतं.

आता मराठी लिहिणाऱ्यांच्या खास दुखण्याकडे येऊ. यादीसाठी आपण टीटीकेचा (टीकेइंटरमधला नव्या रूपाच्या विजेटांचा भाग) ‘ट्रीव्ह्यू’ घेतो. टीके ८.६ मध्ये त्याच्या ओळीची उंची मुळात २० पिक्सेल ठरलेली असते, फॉन्ट कोणताही असो. इंग्रजीला ती पुरते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात. फॉन्ट जरा मोठा केला की ‘मोर्शी’वरचा रफार छाटला जातो आणि ‘कुही’च्या क चा उकार दिसत नाही. उपाय असा: यादीला जो फॉन्ट दिलाय त्याच्या ‘मेट्रिक्स’मधून ‘लाइनस्पेस’ विचारा, त्यात पाच-सहा पिक्सेल मिळवा आणि तो आकडा स्टाइलमध्ये ट्रीव्ह्यूच्या ‘रोहाइट’ला द्या. असं केलं की फॉन्ट पुढे कितीही बदला.

४. धूसर अक्षरं

विंडोजवर १२५ किंवा १५० टक्के स्केलिंगला टीकेइंटरची अक्षरं पुसट, कापूस लावल्यासारखी दिसतात. प्रोग्रॅमने ‘मला स्केलिंग कळतं’ असं सांगितलं नाही की विंडोज त्याचं चित्र लहान काढून नंतर ताणतं.

सांगायचं असं: सीटाइप्समधून (पायथनमधून विंडोजची फंक्शनं बोलवायचं मॉड्यूल) विंडोजच्या शकोर लायब्ररीतलं ‘सेट प्रोसेस डीपीआय अवेअरनेस’ १ देऊन बोलवा. विंडोज ८.१ पासून पुढे हे उपलब्ध आहे. ही ओळ ‘टीके’ बोलवण्याच्या आधी यायला हवी, नंतर टाकली तर उपयोग नाही. जुन्या विंडोजवर किंवा लिनक्सवर ती एरर देईल म्हणून ट्राय-एक्सेप्टमध्ये गुंडाळा.

याची किंमत आहे. आता पिक्सेल म्हणजे खरेखुरे पिक्सेल. फॉन्टचा आकार अधिक आकड्यात दिला असेल तर तो पॉइंटमध्ये धरला जातो आणि स्केलिंगप्रमाणे वाढतो. उणे आकडा दिला तर तो पिक्सेल असतो, वाढत नाही. तुम्ही पिक्सेलमध्ये लिहिलेलं पॅडिंग, ट्रीव्ह्यूच्या कॉलमची रुंदी, हेही वाढत नाही. अक्षरं मोठी आणि कॉलम तेवढेच, त्यामुळे नावं कापली जातात. कॉलमची रुंदीही फॉन्टच्या ‘मेझर’ने सर्वांत लांब नाव मोजून ठरवा. आधीची पायरी फॉन्टवरून का केली ते इथे कळतं.

५. स्क्रीनच्या मध्यभागी

क्रम असा ठेवा: विंडो बनवली की लगेच ‘विथड्रॉ’ करून लपवा, माल मांडा, ‘अपडेट आयडलटास्क्स’ करा, लागणारी मापं घ्या, स्क्रीनच्या रुंदीतून विंडोची रुंदी वजा करून दोनने भागा, उंचीचं तसंच, जॉमेट्रीला नुसती जागा द्या, आणि शेवटी ‘डीआयकॉनिफाय’. न लपवता केलं तर विंडो आधी कोपऱ्यात उमटते आणि मग टुणकन मध्ये उडी मारते.

‘विनफो विड्थ’ विचारलं आणि उत्तर १ आलं तर घाबरू नका. विंडो अजून स्क्रीनवर आलेलीच नाही. म्हणूनच वर ‘रेक’वाली मापं घेतली.

दोन मॉनिटर असले की विंडोजवर ‘विनफो स्क्रीनविड्थ’ मुख्य मॉनिटरची रुंदी देतं, लिनक्सवर मात्र बहुधा दोन्हींची बेरीज. तिथे ‘मध्यभाग’ म्हणजे दोन मॉनिटरच्या मधली फट.

६. क्लोजचं बटण

मुख्य विंडोच्या ‘प्रोटोकॉल’ला डब्ल्यूएम डिलीट विंडो हे नाव आणि तुमचं फंक्शन द्या. नाव सगळं मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर. यापुढे फुलीवर दाबलं किंवा ऑल्ट-एफ४ केलं तर विंडो स्वतःहून बंद होणार नाही, फक्त तुमचं फंक्शन चालेल. त्यात शेवटी ‘डिस्ट्रॉय’ लिहायला विसरलात तर बंदच न होणारी विंडो तयार होते. मेनूतलं ‘बाहेर पडा’ही याच फंक्शनला जोडा. तिथे ‘क्विट’ लिहू नका. ते नुसता मेनलूप (क्लिक आणि की यांची वाट पाहत फिरणारा मुख्य लूप) थांबवतं, विंडो पाडत नाही.

फंक्शन देताना नावापुढे कंस लावायचे नाहीत. कंस लावले की फंक्शन तिथल्या तिथे चालतं, म्हणजे प्रोग्रॅम उघडतानाच ‘बंद करायचं का?’ असा प्रश्न. बटणाच्या कमांडला आणि ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या ‘आफ्टर’लाही हाच नियम.

‘पट्टी सेव्ह झाली नाही, सेव्ह करू?’ असं विचारायला ‘आस्क येस नो कॅन्सल’ वापरतात. तो हो ला ट्रू देतो, नाही ला फॉल्स आणि कॅन्सलला नन. नुसत्या ‘इफ नॉट’ने तपासलं तर फॉल्स आणि नन सारखेच. ऑपरेटर ‘थांब, चुकून दाबलं’ म्हणून कॅन्सल करतो आणि प्रोग्रॅम ते ‘नाही’ समजून न सेव्ह करता बंद होतो. आधी ‘इज नन’ तपासून तिथूनच परत फिरा.

आणि एक गोष्ट गृहीत धरू नका: हे फंक्शन दरवेळी चालेलच असं. लाइट गेली, टास्क मॅनेजरमधून मारलं, तर ते चालत नाही. पट्टी तयार झाली की त्याच क्षणी फाइलमध्ये जायला हवी. क्लोजच्या वेळी सगळं साठवू असं म्हणणारा प्रोग्रॅम भर बहारात एकदा तरी दगा देतो.

७. डायलॉग

दुसरा फोन आठवा: छोटं डबडं मागे गेलं, काहीच दाबल्या जात नाही. नव्या माणसाचे सर्वांत जास्त तास इथे जातात, म्हणून सावकाश.

‘नवीन शेतकरी’ बटणावर एक डायलॉग उघडायचा आहे. तो उघडा असेपर्यंत मुख्य विंडोत काही करता येऊ नये, तो नेहमी मुख्य विंडोच्या वर राहावा आणि बंद झाल्यावर नाव-गाव आपल्या हाती यावं. या तीन मागण्यांसाठी तीन वेगळ्या कमांड आहेत. एकीने दुसरीचं काम होत नाही.

‘ट्रान्झियंट’ला मुख्य विंडो दिली की डायलॉग तिच्या वर राहतो, तिच्याबरोबर मिनिमाइझ होतो आणि टास्कबारवर वेगळा दिसत नाही. पण मुख्य विंडोतली बटणं अजून चालू आहेत.

‘ग्रॅब सेट’ केलं की माउस आणि कीबोर्ड डायलॉगपुरते बांधले जातात. ट्रान्झियंट न करता नुसता ग्रॅब केला, की ऑपरेटर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन परत येतो, मुख्य विंडो वर येते, डायलॉग तिच्यामागे दडतो, आणि ग्रॅबमुळे मुख्य विंडो प्रतिसाद देत नाही. फोन त्याचाच होता.

‘वेट विंडो’ कोडला तिथे थांबवते, डायलॉग बंद झाला की पुढची ओळ चालते. मधल्या काळात स्क्रीन जिवंत राहते.

पूर्ण क्रम: टॉपलेव्हल बनवा, विथड्रॉ, माल मांडा, ट्रान्झियंट, मुख्य विंडोच्या ‘रूटएक्स’ व ‘रूटवाय’वरून जागा काढून द्या, डीआयकॉनिफाय, ‘वेट व्हिजिबिलिटी’, ग्रॅब सेट, पहिल्या बॉक्सला ‘फोकस सेट’, वेट विंडो. वेट व्हिजिबिलिटी गाळली तर विंडोजवर बहुधा निभावतं, लिनक्सवर ‘ग्रॅब फेल्ड: विंडो नॉट व्ह्यूएबल’. अजून न दिसलेल्या विंडोला ग्रॅब मिळत नाही.

आता खड्डे.

वेट विंडोच्या पुढच्या ओळीत एंट्री बॉक्समधून नाव वाचायला जाता आणि ‘इनव्हॅलिड कमांड नेम’ येतं. बॉक्स डायलॉगबरोबर गेला, वाचणार काय? ‘ठीक’ बटणाच्या फंक्शनमध्ये आधी किमती एखाद्या व्हेरिएबलमध्ये काढा, मग डिस्ट्रॉय करा. फुलीने बंद केलं तर ते व्हेरिएबल नन राहील, तेही तपासा.

डायलॉगमधून ‘गावाचं नाव रिकामं आहे’ असा मेसेजबॉक्स दाखवताना ‘पेरेंट’ म्हणून डायलॉगच द्या. दिला नाही तर तो रूटचा मानला जातो आणि डायलॉगच्या मागे उघडू शकतो. फाइल निवडायच्या डायलॉगलाही हेच लागू.

लॉगिनसाठी बरेच जण रूट लपवतात आणि लॉगिनची टॉपलेव्हल रूटला ट्रान्झियंट करतात. मालक लपलेला असेल तर ट्रान्झियंट विंडोही लपते. प्रोग्रॅम चालू असतो, स्क्रीनवर काही नसतं, आणि टास्क मॅनेजरशिवाय सुटका नसते. लॉगिनच्या विंडोला ट्रान्झियंट करू नका.

डायलॉग डिस्ट्रॉय झाला की ग्रॅब आपोआप सुटतो, पण नुसता विथड्रॉ केला तर त्याची खात्री नाही. पुन्हा वापरायचा म्हणून लपवणार असाल तर आधी ‘ग्रॅब रिलीज’ करा. आणि ‘ग्रॅब सेट ग्लोबल’ला हात लावू नका, एक चूक झाली की अख्खा डेस्कटॉप अडकतो.

एंटर आणि एस्केप जोडा. एंटरला ‘रिटर्न’ म्हणतात, पण आकड्यांच्या पॅडवरचं एंटर वेगळं असू शकतं. लिनक्सवर त्याचं नाव ‘केपी एंटर’. वजन टाकणाऱ्याचा उजवा हात कायम त्या पॅडवरच असतो.

ग्रॅब नको असलेली विंडो, समजा ‘आजच्या पट्ट्या’ची यादी, बटण दहा वेळा दाबल्यावर दहा वेळा उघडते. विंडो एका व्हेरिएबलमध्ये धरा, बटण दाबल्यावर आधी ‘विनफो एक्झिस्ट्स’ विचारा, असेल तर नवी न करता ‘लिफ्ट’ करा.

८. वर ठेवणं, पूर्ण स्क्रीन, बिनचौकटीची विंडो

‘ॲट्रिब्यूट्स’मध्ये उणे-टॉपमोस्ट खरं केलं की विंडो सगळ्यांच्या डोक्यावर बसते. काट्याचं वजन दाखवणाऱ्या छोट्या विंडोला ठीक, मुख्य विंडोला नको. मालकाला मधेच दुसरं काही उघडायचं असतं.

पूर्ण स्क्रीनसाठी उणे-फुलस्क्रीन. त्यात फुलीचं बटण दिसत नाही, तेव्हा एस्केप जोडल्याशिवाय ही ओळ चालवून पाहू नका. मॅक्सिमाइझ वेगळं: विंडोजवर ‘स्टेट’ला ‘झूम्ड’ द्यायचं, लिनक्सवर तेच उणे-झूम्ड म्हणून ॲट्रिब्यूट्समध्ये. विंडोजचं लिनक्सवर चालवलं तर एरर येते.

‘ओव्हरराइड रिडायरेक्ट’ने टायटल बार जातो आणि विंडो एकदम आधुनिक दिसते. त्याबरोबर ओढून हलवणं, मिनिमाइझ, टास्कबारवरची जागा हे सगळंही जातं, आणि लिनक्सवर कीबोर्ड फोकसही नीट मिळत नाही. सुरुवातीला येणाऱ्या लोगोच्या विंडोपुरतं वापरा, बाकी विसरा.

९. जागा लक्षात ठेवणं

बंद करताना स्टेट ‘नॉर्मल’ असेल तरच विंडोचा आकार-जागा एका जेसन फाइलमध्ये लिहा. झूम्ड असेल तर तेवढीच खूण ठेवा, आयकॉनिक (मिनिमाइझ केलेली) असेल तर काहीच लिहू नका. फाइल वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी साध्या खात्याला नसते.

उघडताना मात्र वाचलेली जागा आंधळेपणाने देऊ नका. काल विंडो दुसऱ्या मॉनिटरवर होती, आज त्याची केबल काढलेली आहे, आणि विंडो स्क्रीनच्या बाहेर उघडते. टास्कबारवर दिसते, डोळ्यांना नाही. डावा-वरचा कोपरा मुख्य स्क्रीनच्या आत नसेल तर पायरी ५ प्रमाणे मध्यभागी आणा. दुसरा मॉनिटर डावीकडे असेल तर जॉमेट्रीच्या स्ट्रिंगमध्ये प्लसच्या लगेच पुढे उणे येतं, ती चूक नाही. फोनवर तात्पुरती मदत करायची झाली तर: विंडो निवडून ऑल्ट-स्पेस, मग एम, मग एखादी बाणाची की, आणि मग माउस हलवा. विंडो माउसला चिकटून येते.

आकार बदलताना काही करायचं म्हणून रूटला ‘कॉन्फिगर’ इव्हेंट बांधलात तर तो आतल्या प्रत्येक विजेटसाठीही वाजतो. ‘डिस्ट्रॉय’ इव्हेंटचंही तेच. इव्हेंटमधलं विजेट रूटच आहे का ते पहिल्या ओळीत तपासा.

१०. गोठलेली विंडो

मेनलूप एका वेळी एकच काम करतो. तुमच्या फंक्शनमध्ये ‘टाइम डॉट स्लीप’ असेल, किंवा काट्याकडून सीरियल पोर्टवर वजन यायची वाट पाहणं असेल, तर तेवढा वेळ कुणी बटण दाबलेलं कळत नाही आणि विंडो पुन्हा रंगवली जात नाही. विंडोज ५ सेकंद वाट पाहतं, मग टायटलमध्ये ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. ऑपरेटर ते वाचून प्रोग्रॅम मारतो.

नुसता थांबा हवा असेल तर ‘आफ्टर’ला मिलिसेकंद आणि फंक्शन द्या. काट्यासारखं अडवणारं काम वेगळ्या थ्रेडमध्ये टाका. थ्रेडने वजन क्यूमध्ये टाकायचं आणि मुख्य बाजूने दर १०० मिलिसेकंदांनी आफ्टर लावून क्यू रिकामी करायची. थ्रेडमधून लेबल किंवा बॉक्सला थेट हात लावायचा नाही. कधी चालतं, कधी प्रोग्रॅम न सांगता झोपतो, आणि ते नेमकं ग्राहकासमोर. बंद करताना चालू असलेला आफ्टर ‘आफ्टर कॅन्सल’ने थांबवा.

लूपच्या मध्ये ‘अपडेट’ टाकून काम भागवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. अपडेट चालताना दाबलेली बटणंही चालतात. छपाई सुरू असताना ऑपरेटरने ‘छापा’ पुन्हा दाबलं की एका गाडीच्या दोन पट्ट्या. काम सुरू होताच बटण डिसेबल करा, संपल्यावर सुरू करा.

११. आयकॉन आणि मागची काळी विंडो

विंडोजवर ‘आयकॉनबिटमॅप’ला आयसीओ फाइल, बाकीकडे ‘आयकॉनफोटो’ला पीएनजी. लेबल किंवा बटणावर चित्र लावताना त्याची फोटोइमेज एखाद्या टिकाऊ व्हेरिएबलमध्ये धरा. फंक्शन संपताच ते मोकळं झालं तर चित्र गायब होतं. मागे उघडणारी काळी कन्सोल विंडो घालवायला फाइलचं एक्स्टेन्शन पीवायडब्ल्यू करा. पण मग एररही दिसत नाहीत, म्हणून आधी त्या लॉग फाइलमध्ये लिहायची सोय करा.

१२. काउंटरवर बसवण्याआधी

कागदावर लिहून आणलेलं रिझोल्यूशन आणि स्केलिंग आपल्या मशीनवर लावा आणि प्रोग्रॅम उघडा. सर्वांत खालचं बटण दिसतंय का? यादीत काटोल, नरखेड, मोर्शी, कुही ही चार गावं टाकून मात्रा-उकार पाहा. डायलॉग उघडा ठेवून ऑल्ट-टॅबने बाहेर जा आणि परत या. वर डायलॉगच दिसायला हवा. डायलॉगमध्ये मुद्दाम चूक करा, मेसेजबॉक्स कुठे उघडतो ते बघा. अर्धवट पट्टी टाकून फुली दाबा, कॅन्सल करा, भरलेलं तसंच आहे ना पाहा. दुसरा मॉनिटर किंवा घरचा टीव्ही जोडून विंडो तिकडे न्या, बंद करा, केबल काढा, पुन्हा उघडा. ‘छापा’ भराभर चार वेळा दाबा. काट्याची केबल चालू प्रोग्रॅममध्ये उपटा आणि विंडो हलवून पाहा.

शेवटी पायथन येत नसलेल्या कुणाच्या तरी हाती माउस द्या, शेजारी बसा आणि दहा मिनिटं काही सांगू नका.